इल्लीची स्थळपाहणी

बालवाडीतून आलेली चिठ्ठी नीलकंठराव पोहनकरांनी तीनदा वाचली आणि दर वाचनाला त्यांचा पारा चढत गेला. 'ईरा एका पायावर उभी राहत नाही. दोन्ही पायांनी उडी मारत नाही. रांगण्या-चढण्याच्या खेळांत उतरत नाही. कृपया तिला घरी खेळू द्यावे, पळू द्यावे,' असा त्या हिंदी चिठ्ठीचा मजकूर होता. खाली शर्मिष्ठा दीदींची सही होती, पण तारीख नव्हती. तारीख नसलेल्या कागदाने आपल्या नातीवर ठपका ठेवावा, याचा नीलकंठरावांना विशेष संताप आला.

"काय लिवलं आहे मॅडमनं?" मंदाकिनीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पोट्टी उडी मारत नाही म्हणते. चार वर्षांची पोट्टी राज्याचे सत्तावीस जिल्हे घडाघडा म्हणून राहिली, बाराचा पाढा म्हणून राहिली, अन् यायले उडी पायजे. शाळा चालवून राहिले का सर्कस?"

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती ईरा सोफ्यावर, पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला तसंच बसायला शिकवलं होतं.

छत्तीसगढचं नवं राज्य झालं तेव्हा नीलकंठराव भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांसोबत रायपूरला आले आणि मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मुलगा शिशिर आणि सून राधिका सकाळी नव्या रायपूरला नोकरीवर जात ते दिवेलागणीला परतत. तोवर ईरा आजोबांच्या ताब्यात असे. त्यांनी आयुष्यभर फायलीला सुरकुती पडू दिली नव्हती. नातीलाही त्याच शिस्तीने सांभाळलं. पळू नको, पडशील. खाली बसू नको, मळशील. चढू नको, लागेल. आणि खरोखर, ईरा पडली नव्हती, मळली नव्हती, तिच्या गुडघ्यावर एक ओरखडा नव्हता. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

संध्याकाळी राधिकेने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "बाबा, दीदी सही तो बोल रही हैं. थोडं खेळू द्या ना तिले."

"मी काही बांधून ठेवलं का तिले?" नीलकंठराव म्हणाले. "उद्या जातो मी. लेखी उत्तर मागतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतला राखाडी सफारी चढवला. उजव्या खिशात चष्म्याचं स्टीलचं घर टाकलं, वर दोन पेनं लावली आणि चौबे कॉलनीच्या दोन गल्ल्या ओलांडून बालवाडी गाठली. जुन्या बंगल्यात भरणारी बालवाडी ती. अंगणात वाळू होती, टायर होते, दोरांची शिडी होती आणि मधोमध सिमेंटचे तीन पाइप एकाला एक जोडून, हिरवे रंगवून, त्यांची लांबलचक अळी केली होती. तोंडाशी दोन डोळे काढलेले. मुलं तिला इल्ली म्हणत. एका टोकातून आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकातून बाहेर यायचं, एवढाच तो खेळ. पण त्यासाठी रांग लागलेली.

रांगेबाहेर एक बाक होता. बाकावर ईरा, पाय जुळवून.

शर्मिष्ठा दीदी तिशीतल्या, शांत बाई होत्या. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं, त्यामुळे त्या मराठी बोलल्या.

"काका, ईरा हुशारच आहे. पण या वयात मुलं अंगानं शिकतात. रांगून, लोंबकळून खांदे भरतात, मग पेन्सिल धरायला हात पक्का होतो. तोल सावरता आला की स्थिर बसताही येतं."

"ते तर बसूनच आहे स्थिर."

"ती बसवलेली आहे, काका."

हे वाक्य नीलकंठरावांना झोंबलं. "माझं अक्षर पाहा," त्यांनी खिशातून रात्री लिहून ठेवलेला अर्ज काढला. "पूर्ण मंत्रालय तारीफ करे. मी कोणत्या पाइपातून रांगलो होतो?"

"लहानपणी कुठे राहत होता तुम्ही?"

"काटोलले. संत्र्याच्या बागा. झाडावर चढा, विहिरीत उड्या घ्या, दिवसभर तेच. पण ते काही खेळणं नाही. ते असंच."

दीदी हसल्या नाहीत, त्यामुळे नीलकंठरावांना आणखी राग आला. आपणच आपल्या विरुद्ध साक्ष दिली, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

"माझी नात यात जात नाही, म्हणजे यातच काही खोट असेल," ते म्हणाले. "जागेची पाहणी केल्याशिवाय मी शेरा मारत नाही."

"काका, ते लहान मुलांसाठी..."

पण नीलकंठराव इल्लीच्या तोंडाशी वाकले होते. रांगेतल्या मुलांनी आदराने जागा करून दिली. आधी डोकं गेलं, मग खांदे गेले, मग बूट दिसेनासे झाले. पहिला पाइप त्यांनी बऱ्यापैकी पार केला. दुसऱ्याच्या मध्यावर सफारी पोटाशी गोळा झाला, खिशातलं चष्म्याचं घर आडवं फिरलं आणि पोट नि सिमेंट यांच्यामध्ये पाचरीसारखं बसलं. पुढे सरकेना. मागे सरकेना. हात कोपरात दुमडलेले, ते खिशापर्यंत पोचेनात.



"काका, ठीक आहात ना?" दीदींनी वाकून विचारलं.

"लिहून घ्या," आतून घुमता आवाज आला. "पाइपाचा व्यास अपुरा आहे."

"तो पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे."

"वयाची पाटी लावली का बाहेर? नाही. हेही लिहा."

दोन्ही टोकांना मुलं उकिडवी बसली. एका मुलीने उरलेल्या शाळेला बातमी दिली, "दीदी, इल्ली ने दादाजी को खा लिया." ती ऐकून एकाने भोकाड पसरलं. चौकीदार देवीदास धावत आला. त्याने नीलकंठरावांचे पाय धरून ओढले; हातात एक बूट आला. तो त्याने नीट बाजूला ठेवला आणि विचार करून छत्तीसगढीत म्हणाला, "बाबूजी, थोकिन तेल डार देबो का?"

"तेल?"

"हव. सरसों के."

"मी भजं आहे का?" आतून प्रश्न आला.

तेवढ्यात शाळा सुटायची वेळ झाली. फाटकाशी आया, आज्या, स्कूटरवाले बाप जमले. इल्लीच्या तोंडातून एक मोजा घातलेला पाय दिसत होता. ज्याने त्याने विचारावं, हे काय, आणि दीदींनी उत्तर द्यायच्या आत पाइपाने म्हणावं, "स्थळपाहणी चालू आहे. गर्दी करू नका." कुणी म्हणालं, अग्निशमनवाल्यांना फोन लावा. कुणी म्हणालं, घण आणून पाइप फोडावा लागेल. घणाचं नाव निघाल्यावर मात्र नीलकंठरावांना घाम फुटला. अंधार, गुडघ्यात कळ, आणि पाठीवर सिमेंट. साठी उलटलेल्या त्या माणसाला आयुष्यात प्रथमच कुणीतरी हाक मारावी असं वाटलं, आणि कुणाला मारावी हे सुचेना.

समोरच्या टोकाचा उजेड थोडा झाकला गेला.

"आबा."

"ईरा? तू बाहेर राह्य."

"आबा, आप अंदर क्यों गए? कपड़े गंदे होंगे ना."

नीलकंठरावांनी विचारलं, "तू काहून येत नाही याच्यात? भेव वाटते?"

"नहीं. आप बोलते हो ना, मैला नहीं होना. इसलिए मैं देखती हूँ बस." थोडं थांबून ती म्हणाली, "रोज देखती हूँ."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर नीलकंठरावांनी तिला उत्तर दिलं असतं. तक्रारींना उत्तरं देण्यातच त्यांची अख्खी नोकरी सरली होती.

"मैं आऊँ?"

"ये," ते म्हणाले. "मळलं तर मळू दे."

तीन महिने बाकावरून पाहिलेलं सगळं ईराने एका दमात केलं. हात, गुडघा, हात, गुडघा. अडखळली, कपाळ टेकलं, पण आली. तिने अगदी त्यांच्या नाकासमोर तोंड आणून सूचना दिल्या, "मुंडी नीचे. साँस छोड़ो. पेट छोटा करो." तिचा बारका हात त्यांच्या छातीखालून कमरेपर्यंत गेला, खिशात चाचपडला आणि चष्म्याचं घर ओढून बाहेर आला. नीलकंठराव एकदम सैल झाले. "अब पीछे. धीरे," ईरा म्हणाली, आणि कक्ष अधिकारी उलटे रांगत, तिच्या हुकमाप्रमाणे, तोंडाकडून बाहेर पडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी होत्या हे नीलकंठरावांना कळलं आणि आवडलं नाही. ईरा काही त्यांच्यामागून बाहेर आली नाही. ती आतल्या आत वळली, शेपटाकडून निघाली, वळसा घालून आली आणि पुन्हा आत शिरली. तिचा पांढरा फ्रॉक बघवत नव्हता.

नीलकंठरावांनी एका पायात बूट घालून तक्रारवही मागवली आणि उभ्या उभ्या अकरा मुद्दे लिहिले. व्यास अपुरा, उजेड नाही, पाटी नाही. सबब सदर पाइप धोकादायक. खाली सही, तारखेसकट.

पुढचे चार दिवस घरात शांतता अशी राहिली नाही. ईरा एका पायावर लंगडत न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. दिवाणावरून उडी मारू लागली. बिलासपूर म्हणताना एक उडी, बस्तर म्हणताना दुसरी. जिल्हे पूर्वीपेक्षा जोरात येऊ लागले. गुडघ्यावर पहिला ओरखडा आला तेव्हा नीलकंठरावांनी तिला हळद लावली. 'पडशील' हा शब्द त्यांच्या ओठांवर दिवसातून पन्नासदा येई. ते तो गिळत. मंदाकिनीबाई त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळताना हे पाहत असत.

पाचव्या दिवशी राधिकेच्या मोबाइलवर शाळेचा निरोप आला. सुरक्षेच्या कारणास्तव अंगणातले पाइप काढून टाकण्यात येतील. शनिवारी पालकांची सभा.

"काढून टाकतील?" नीलकंठराव ताडकन उठले. "काहून? पोट्टी आता कुठं जाऊन राहिली त्यात. कोणत्या अकलमंदाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्याच, बाबा," राधिका म्हणाली. "अकरा पॉइंट लिवले होते ना तुम्ही."

शनिवारी नीलकंठराव सफारी घालून पहिल्या रांगेत बसले. संस्थेचे विश्वस्त हरिदासजी समोर वही उघडून बसले होते. शर्मिष्ठा दीदी कोपऱ्यात, पडलेल्या चेहऱ्याने उभ्या होत्या.

"बच्चा फँस जाए तो जवाबदारी किसकी?" हरिदासजी म्हणाले. "एक बड़े अफसर ने बाकायदा निरीक्षण करके लिखा है."

नीलकंठराव उभे राहिले. "पोट्टे अडकत नाहीत," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत, "बच्चे नहीं फँसते, साहब. मेरे जैसे फँसते हैं. मैं शिकायत वापस लेता हूँ."

"ऐसे कैसे? निरीक्षण तो हो चुका. अंदर जाकर देखा है आपने. रिकॉर्ड पर है."

नीलकंठरावांना नियम ठाऊक होते. पाहणी झाली, शेरा पडला, तारीख पडली. असा कागद मागे घेता येत नाही. पस्तीस वर्षं त्यांनी हेच इतरांना ऐकवलं होतं. ती पाहणी नव्हतीच, असं सिद्ध झालं तरच कागद रद्द. त्यांनी मागे वळून पाहिलं. शंभर पालक, त्यांत अर्धे त्या दिवशी फाटकाशी होते. राधिका त्यांच्याकडे बघत होती. खिडकीबाहेर ईरा हिरव्या पाइपावर घोड्यासारखी बसली होती.

"वो निरीक्षण नहीं था," ते म्हणाले.

"तो फिर आप उसके अंदर कर क्या रहे थे?"

नीलकंठरावांनी सफारीची बटणं नीट केली.

"खेल रहा था," ते म्हणाले. सभेत खसखस पिकली, ती त्यांनी संपू दिली. मग वहीकडे बोट दाखवून करड्या आवाजात म्हणाले, "लिखिए. और तारीख डालना मत भूलिए."