'निघालोच' या शब्दाबाबतचा अंतरिम अहवाल

माणसाने दिलेला शब्द आणि त्याने तोंडाने उच्चारलेला शब्द यांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही, या पायावर प्रत्येक सुसंस्कृत कार्यालय उभे असते. आमचे कार्यालय अतिशय सुसंस्कृत आहे.

गेल्या वर्षी एका अर्जदाराने मात्र कमाल केली. खिडकीवरचा कारकून त्याला "झालंच समजा" म्हणाला, आणि त्याने ते खरोखरच समजले. तीन महिने घरी निर्धास्त बसला आणि मग लेखी तक्रार घेऊन आला. असे प्रकार पुन्हा घडू नयेत म्हणून (कामे वेळेवर करावीत, असाही एक पर्याय पुढे आला होता, तो एकमताने मागे गेला) बोलण्यातल्या वाक्प्रयोगांचा अधिकृत अर्थकोश करण्यासाठी समिती नेमण्यात आली. मला सचिव केले. "तुमच्याइतका अनुभव इथे कुणाला आहे?" असे साहेब सर्वांसमक्ष म्हणाले. मी तो गौरव समजलो.

बरेचसे काम झरझर उरकले. 'बघू' म्हणजे नाही. 'बघतो ना' म्हणजे नाही, पण आता तुम्ही जा. 'टेन्शन घेऊ नका' म्हणजे घ्यायची वेळ झाली. 'भेटू एकदा निवांत' हा निरोपाचा नमस्कार आहे. 'आपलाच माणूस आहे' म्हणजे नाव आठवत नाही.

घोडे अडले ते 'निघालोच'पाशी. आम्ही शंभर 'निघालोच' तपासले. एकसष्ट जण अंथरुणात होते, बावीस जणांची आंघोळ व्हायची होती आणि सोळा जण स्वतःच दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत होते. एक जण खरोखर निघाला होता. तो नमुना सदोष म्हणून वगळला.

यावरच्या पाचव्या बैठकीच्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. ती एकटी राहते. अकरा वाजता तिचा फोन आला.

"झालं रे. पट्टी बांधलीय. घरचं माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. येतोयस ना?"

"निघालोच, ताई."

त्या वेळी पायात चप्पल घालणे हा निघण्याचा भाग मानावा की पूर्वतयारीचा, यावर मतदान चालू होते. समसमान मते पडली. चहा झाला. फेरमतदान झाले. साडेबाराला ताईने पुन्हा विचारले, "कुठवर आलास?" मी म्हणालो, "हा काय, कोपऱ्यावर." (कोपरा कुठला, हे कोशात मुद्दामच दिलेले नाही.)

मी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. ताई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी आणि पिशवीचे बंद दोन्ही हातांत धरलेले. शेजारी नर्स उभी होती. "बाई जेवायलासुद्धा उठल्या नाहीत," ती मला म्हणाली.

मी "ट्रॅफिक..." अशी सुरुवात केली.

"अरे, तू निघालोच म्हणालास ना," ताई म्हणाली. "म्हटलं, मी कँटीनमध्ये जायची आणि नेमका तू यायचास. उगाच शोधत फिरशील."

मला लाज वाटली. हे वाक्य कोशाबाहेरचे आहे.

लहानपणी शब्दांचे अर्थ मला ताईनेच शिकवले. ती प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ सांगायची, आणि तोच खरा धरायचा अशी तिची पद्धत होती. माझ्या बाबतीत तिने ती अजून सोडलेली नाही, आणि मी मात्र तिच्या नकळत माझी बदलून बसलो होतो.

पुढच्या बैठकीत मी नवी नोंद सुचवली: 'निघालोच : निघालो (फक्त ताईसाठी).' साहेबांनी ती दोनदा वाचली आणि "बघू" म्हणाले. सर्व सदस्यांना अर्थ कळला. कोशाचे हे पहिले मोठे यश.

ताईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तारीख सांगून ती म्हणाली, "तू आहेस, मला काय काळजी!" मी म्हणालो, "टेन्शन घेऊ नकोस." बोलून गेल्यावर जीभ चावली, पण तोवर तिने विश्वास ठेवलासुद्धा.

वाचकहो, हे वाचता वाचता तुम्हालाही कुणीतरी आठवले असेल, आणि 'आज फोन करतोच' असे तुम्ही मनात म्हणाला असाल. कोशाचे पान चौदा उघडा. तुमचा अर्थ आम्ही तिथे आधीच लिहून ठेवला आहे.