यंत्राला हात नसतात

यज्ञेश्वर मास्तर यंत्राशी बुद्धिबळ खेळणार, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली, आणि संध्याकाळी मास्तरांच्या ध्यानात आलं की तयारी करायला आपल्याकडे माणूसच नाही.

दिवाळीच्या प्रदर्शनात बंगलोरहून बुद्धिबळ खेळणारं यंत्र येणार होतं. प्रदर्शनाचा चिटणीस मल्लिकार्जुन सोलापूरची अब्रू मास्तरांच्या हाती सोपवून गेला होता. मास्तरांनी वाचनालयात एक इंग्रजी मासिक गाठलं. परदेशातले बडे खेळाडू यंत्राची तयारी कशी करतात, ते त्यात दिलं होतं. यंत्र बोलत नाही, भीडभाड ठेवत नाही, पण हावरट फार. फुकटचं प्यादं दिसलं की खातंच. तेव्हा आमिष टाकावं, डाव बंद करावा आणि वाट बघत बसावं. वाट बघण्यात मास्तरांचा हात कुणी धरला नसता. बायको शकुंतला जाऊन वर्षं झाली होती, मुलगा भिलाईला होता, आणि पेन्शनीतली संध्याकाळ फार लांब असते.

आधी ते स्वतःशीच खेळले. पण पांढऱ्याने आमिष टाकायच्या आतच ते काळ्याला कळायचं. न बोलणारा, बेमुर्वत आणि हावरट असा माणूस पेठेत एकच होता, भुसारवाले ईरप्पा. वर्षानुवर्षं ते रोज पाचला मास्तरांकडे डावाला यायचे. मग एकदा ईरप्पांनी घोड्याला हात लावून मागे घेतला. मास्तर म्हणाले, "हात लागला, आता हलवाच." ईरप्पा उठून गेले ते गेलेच. त्याला दोन वर्षं झाली होती. पण आता मास्तरांच्या लेखी तो अबोलाही गुणातच जमा होता.

ते ईरप्पांच्या दारात गेले. दार कमलम्मांनी उघडलं.

"ईरप्पांना म्हणावं, यंत्र व्हाल का?"

"ऐकलं का? मास्तर तुमाला मशीन व्हा म्हणतेत."

आतून कानडीत "ब्याड" असा ठणठणीत नकार आला.

"बोलायचं नाही म्हणावं. यंत्र बोलत नसतं."

आतून पुन्हा आवाज आला, "त्यांना इचार, हात लागला तर काय?"

"यंत्राला हातच नसतात. पट्टीनं नुसतं दाखवायचं. मोहरी मी हलवीन."

"येतो म्हणून सांग."

"न्या बाई," कमलम्मा म्हणाल्या, "संध्याकाळी माजंच डोकं खातेत की."

दुसऱ्या दिवशी पाचला ईरप्पा आले, पट्टी घेऊन बसले. मास्तरांनी सवयीने दोघांचा चहा टाकला आणि मग एकट्यानेच प्यायला, कारण यंत्र चहा घेत नाही. ईरप्पांनी सूड घेतला. एकेका खेळीला ते अर्धा तास डोळे मिटून बसू लागले. एकदा चक्क घोरले. पण यंत्र अधूनमधून बंद पडतं असंही मासिकात होतं, त्यामुळे मास्तरांना तक्रार करता येईना. खरं म्हणजे करायचीही नव्हती. घरात कुणीतरी घोरत होतं, हे त्यांना बरंच वाटलं.

आणि दिवाळीच्या तोंडावर मल्लिकार्जुन आला.

"मास्तर, मशीन येत न्हाय. हितली लाईट लई कमीजास्त होती, जळंल म्हणतेत."

मास्तरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं; सोलापूरची अब्रू त्यांना आठवलीही नाही. पाच वाजत आले होते.

"ईरप्पांना सांगू नका. तयारी अर्धवट राहील."

"कशाची तयारी?" मल्लिकार्जुनने विचारलं. मास्तर पट मांडायला लागले.

दिवाळी उलटली. कमलम्मांनी विचारलं, "मशीन कवा?" मास्तरांनी ठोकून दिलं, "संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत." म्हणता म्हणता संक्रांतही आली. शेजारच्या चनमल्लप्पांनी तर विजयी मिरवणुकीसाठी बँड ठरवून टाकला. मास्तरांची झोप उडाली. खरं सांगितलं तर लाज एकदाच जाणार होती, पण संध्याकाळ रोजची जाणार होती.

त्या दिवशी बँडच्या विचारात त्यांनी आपला वजीर ईरप्पांच्या हत्तीच्या तोंडी दिला. पट्टी वजिरापर्यंत गेली, थबकली, आणि स्वतःचंच कडेचं एक निरुपयोगी प्यादं दाखवून मागे आली.

"हे काय? यंत्र फुकटचं सोडत नाही!"

ईरप्पांनी पट्टी खाली ठेवली. "एवढं कशाला घाबरताय? मशीन येत न्हाय की."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मल्लिकार्जुननं. तुमच्याकडं यायच्या आदी माज्याच दुकानात आल्ता."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मशीन बोलतंय व्हय?" ईरप्पा म्हणाले. "चनमल्लप्पाला मी सांगतो, मास्तरला भिऊन पळालं म्हणून. तुमी आता चा टाका. घसा वाळलाय माजा."

मास्तर स्वयंपाकघरात गेले. त्यांनी मोजून दोन कप पाणी ठेवलं. इतकं बरं त्यांना शकुंतला गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

चहा घेऊन ते बाहेर आले, तर पटावर वजीर नव्हता. तो ईरप्पांच्या मुठीत होता.

"अहो, माझा वजीर?"

"पट सरळ करताना हात लागला," ईरप्पा म्हणाले. "लागला की खायलाच पायजे. नियम तुमचाच की."

मास्तरांनी वजीर सोडून दिला आणि चहाची बशी भरून त्यांच्यापुढे सरकवली.