न फाटणारा फ्लेक्स

"सॅटरडेची मॅच झाली की आय ॲम डन," तनयाने कॉर्नफ्लेक्समध्ये चमचा फिरवत जाहीर केलं, आणि नागेश परुळेकरचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"डन म्हणजे?"

"मीन्स आय क्विट, बाबा. हम्माद इज क्विटिंग टू. एव्हरीवन इज. वी लॉस्ट एव्हरी सिंगल गेम."

एकही सामना न जिंकल्याची बातमी खरी होती आणि प्रत्येक पराभवाला नागेश जातीने हजर होता. बारा वर्षांची तनया 'जेएलटी गेको' या संघातून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळत असे. शाळेच्या पीटी टीचर केली या ऑस्ट्रेलियाच्या. त्यांनीच मुलामुलींचा हा संघ उभा केला होता. नावावरून परुळेकरांच्या घरी पहिल्याच दिवशी वाद झाला होता. "वाघ घ्या, सिंह घ्या, गेला बाजार बेडूक घ्या," तनयाची आई संजना म्हणाली होती, "पण स्वतःच्या टीमचं नाव कुणी पाल ठेवतं का?"

नागेश मूळचा कुडाळचा. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या, म्हणजेच जेएलटीतल्या, एका काँट्रॅक्टिंग कंपनीत तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. हा खेळ त्याला तीन-चार सामन्यांनंतर कळला आणि कळल्यावर त्याने तो मनाशी धरला. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, मैदान लंबगोल आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू मारला की सहा गुण, आणि नेम चुकून तो शेजारच्या फटीतून गेला तरी एक गुण. ज्याला नोकरीत, लग्नात आणि लॉटरीत थोडक्यात चुकल्याबद्दल आजवर कुणी काही दिलं नव्हतं, त्या माणसाला हा खेळ न आवडला तरच नवल.

पण खरं कारण वेगळं होतं. तनया मुळात अबोल. अल ऐनहून दुबईत आल्यावर वर्षभर तिला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. या संघात आल्यावर ती पहिल्यांदा कुणाशी तरी कडाकडा भांडली, आणि त्या संध्याकाळी नागेशने घरी पेढे आणले होते. संघ मोडला तर पोरगी पुन्हा खोलीचं दार लावून बसेल, ही भीती त्याला होती. तेव्हा शनिवारी एक, फक्त एक विजय हवा होता.

गेको वाईट खेळत नसत. चार क्वार्टरांपैकी पहिल्या दोनांत ते कुणालाही भारी पडत. मात्र संघात राखीव खेळाडू एकही नव्हता. त्यामुळे तिसऱ्या क्वार्टरला सगळ्यांची हवा जायची आणि चौथ्यात समोरच्यांनी धावांसारखे गुण लुटायचे. शनिवारी गाठ अबूधाबीच्या ऑरिक्सशी होती, आणि त्यांच्याकडे राखीव खेळाडूंचंच एक बाकडं भरलेलं असे.

त्याच दुपारी पालकांच्या ग्रुपवर केली टीचरांचा मेसेज आला. शेवटच्या सामन्यासाठी ऑस्ट्रेलियातली प्रथा पाळू या. मोठा कागदी बॅनर करायचा, आणि संघाने धावत येऊन तो फाडून मैदानात शिरायचं. कोण करेल? नागेशने क्षणात उत्तर पाठवलं, "आय विल डू. डोन्ट वरी."

"फाडायचा?" संजनाने पोळी लाटता लाटता विचारलं. "त्यावर मुलांचे फोटो असणार ना?"

"असणारच. फोटोशिवाय बॅनर कसला?"

"मग स्वतःच्याच तोंडावर पाय देऊन मॅचला जायचं? आधीच हरतायत बिचारी."

नागेशच्या मनातही तेच आलं होतं. त्याच्या गावाकडे कुणाचा फ्लेक्स फाटला तर बाजारपेठ बंद होते आणि पोलीस बंदोबस्त लागतो. इथे स्वतःच्या लेकरांचा फ्लेक्स त्यांच्याच हातून फाडायचा म्हणजे विजयाच्या वाटेवर मांजर सोडण्यासारखं होतं. रात्रभर विचार करून त्याने दोन्ही बाजू सांभाळणारा तोडगा काढला. बॅनर कागदाचा नको, फ्लेक्सचाच करायचा, पण मधोमध पडद्यासारखी उभी चीर द्यायची आणि ती वेल्क्रोने हलकेच चिकटवायची. मुलं धडकली की चीर उघडेल, मुलं आत जातील, फोटो शाबूत राहतील. प्रथाही पाळली आणि अपशकुनही टळला.

अजमानमध्ये मुश्ताकभाईंचं साइनबोर्डचं दुकान होतं. मुश्ताकभाई हर्णैचे, नागेशचे जुने मित्र, आणि आपल्या हातून गेलेला बोर्ड वाळू उडवणाऱ्या शमाल वाऱ्यातही हलत नाही याचा त्यांना अभिमान होता.

"मुश्ताकभाई, मजबूत पाहिजे," नागेश फोनवर म्हणाला. "मुलांचं काम आहे."

"माझ्याकडे कमजोर मिळतच नाही, हबीबी. पैशाचं नाव काढायचं नाही. मी आता डिलिव्हरीला शारजात आहे, तू माझ्या ऑपरेटरला सगळं नीट सांग."

नागेशने ऑपरेटरला सगळं नीट सांगितलं. चिरेचं चित्र काढून पाठवलं. ऑपरेटरने "ओके भाई, समझ गया" म्हटलं, आणि त्याला खरोखरच समजलं होतं. इथवर कुणाचीच काही चूक नव्हती.

शनिवारी दुपारी मुश्ताकभाई स्वतः पिकअप घेऊन मैदानावर आले. फ्लेक्स उलगडला तेव्हा दोन्हीकडच्या पालकांनी मोबाइल बाहेर काढले. वर मधोमध गोलात केली टीचर. डाव्या-उजव्या बाजूंना सगळी मुलं. खाली एक गेको, जो डिझायनरच्या हातून घोरपडीएवढा झाला होता. आणि उजव्या कोपऱ्यात गॉगल लावून, हात जोडून उभे असलेले मुश्ताकभाई, शेजारी दुकानाचा फोन नंबर.

"तुमचा फोटो कशाला?" नागेशने हळूच विचारलं.

"शुभेच्छुक नको? कुणीतरी शुभेच्छा दिल्या पाहिजेत ना पोरांना."

केली टीचर जवळ येऊन म्हणाल्या की त्यांनी आयुष्यात असा बॅनर पाहिलेला नाही. मग त्यांनी फ्लेक्सला बोट लावून पाहिलं आणि शंकेने नागेशकडे बघितलं. "देअर इज अ सिस्टम, मॅडम," नागेश आत्मविश्वासाने म्हणाला.

बॅनर दोन उंच बांबूंना बांधला होता. एक बांबू नागेशने धरला, दुसरा मुश्ताकभाईंनी. वारा सुटला होता आणि फ्लेक्स शिडासारखा फुगत होता. पलीकडे मुलं रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढे कॅप्टन हम्माद, अंगापिंडाने भरलेला. त्याच्या मागे तनया.

"मुश्ताकभाई," नागेशने ओरडून विचारलं, "मधलं सगळं ठीक आहे ना?"

"आता एकदम ओके. बिनधास्त राहा."

या 'आता'वर नागेशच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "आता म्हणजे?" असं तो विचारणार, तोच केली टीचरांनी हात खाली केला आणि गेको आरोळी ठोकत सुटले.

हम्माद फ्लेक्सवर पूर्ण वेगाने आदळला. फ्लेक्सने त्याला पोटात घेतलं, क्षणभर धरून ठेवलं आणि व्याजासकट परत केलं. तो मागे तनयावर आला, तनया तिच्या मागच्यावर, आणि मागची मंडळी पुढे काय चाललंय ते न कळून धावतच राहिली. नागेशच्या हातून बांबू सुटला. मुश्ताकभाईंनी मात्र आपला बांबू सोडला नाही. आपल्या हातचा बोर्ड पडू द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता, त्यामुळे तेही बांबूबरोबर गेले. मग अख्खा फ्लेक्स, केली टीचर, घोरपड आणि शुभेच्छुकांसह, अख्ख्या संघावर पसरला.

सुदैवाने गवत मऊ होतं आणि कुणालाही लागलं नाही. फ्लेक्सखालून ढुशा मारल्याचा, रडण्याचा आणि हसण्याचा आवाज एकदमच येत होता. ऑरिक्सची मुलं पोट धरून लोळत होती.

"मुश्ताकभाई, मध्ये चीर होती ना?" नागेशने फ्लेक्सची एक कड ओढत विचारलं.

"होती की. तुझ्या कानावर घालणारच नव्हतो मी. त्या ऑपरेटरने मशीनवर फाडला आणि वर वेल्क्रो लावून लपवत होता. मी स्वतः बसून वेल्डिंग मारलं, मागून डबल पट्टी. आता गाडी बांधून ओढलीस तरी फाटणार नाही."

"ती चीर मी सांगितली होती."

मुश्ताकभाईंनी डबल पट्टीवरून हात फिरवला. "मग मला सांगायचं ना, हबीबी."

"तुम्हीच म्हणालात ऑपरेटरला सांग."

"बरोबर. मी त्याला झापत होतो तेव्हा तो हेच सांगत होता. मला वाटलं, बनवतोय."

फ्लेक्स बाजूला काढला तरी काम संपलं नाही. हम्मादच्या पायाला दोरीचा वेढा बसला होता. एकाचा बूट सापडेना. मग तनयाने सांगितलं की तिचं दातांवरचं माउथगार्ड हरवलंय, आणि पाठोपाठ आणखी तिघांची हरवली. माउथगार्डशिवाय मैदानात उतरायचं नाही, हा नियम अंपायरांनी पुन्हा वाचून दाखवला. नागेश गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागला. ऑरिक्सचे पालकही मदतीला आले. शरमेने नागेशचे कान तापले होते. शेवटची मॅच, आणि पोरीच्या वाटेत दगड घातला तो तिच्या बापानेच.

"उठा आता," संजना जवळ येऊन म्हणाली. "पँटीला हिरवे डाग पडले."

"ती माझ्याशी बोलणार नाही आता."

"तशीही ती कुठे बोलते? तुम्ही उठा."

एकेक माउथगार्ड कुठून कुठून सापडलं आणि सामना सुरू झाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. नागेश बाउंड्रीवर घडी केलेल्या फ्लेक्सवर बसला. नेहमीचं 'यल्ला गेको', म्हणजे 'चला गेको', ओरडायचा त्याला धीर होईना. मुलं मात्र नेहमीसारखी सुसाट खेळली. हम्मादने एक गोल केला, ऑरिक्सने फेडला. पुन्हा एक झाला, पुन्हा फेडला. दुसरं क्वार्टर संपता संपता तनयाला चेंडू मिळाला. तिने नेम धरला आणि लाथ मारली. चेंडू गोलच्या खांबाला चाटून बाजूने गेला. नागेशने डोळे मिटले. उघडले तेव्हा गोल अंपायर एक झेंडा हलवत होता. एक गुण.

गेको तेरा, ऑरिक्स बारा. मध्यंतराचा भोंगा वाजला. आता दमतील, मग मागे पडतील, हे नागेशला पाठ होतं. तो पुढचं बघायला नको म्हणून पाण्याच्या बाटल्या गोळा करू लागला. तेवढ्यात मैदानाचा वॉचमन अंपायरांकडे गेला. त्याच्या मागे एका बँकेची क्रिकेट टीम पॅड बांधून उभी होती.

"सर, बुकिंग खलास," वॉचमन म्हणाला. "अभी इन लोगों का टाइम है."

केली टीचर आणि ऑरिक्सचे कोच दोघेही त्याला समजावत राहिले. तो "सॉरी सर" एवढंच म्हणत मान हलवत राहिला. शेवटी अंपायरांनी मोबाइलवर लीगचे नियम काढले. निम्मा सामना पूर्ण झाला असेल तर जो स्कोअर असेल तोच निकाल. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, मग स्वतःसाठी पुन्हा एकदा हळू वाचलं, आणि गेकोंचा हात वर केला.

गेको जिंकले. मुलं एकमेकांवर पडली, या वेळी आपखुशीने. नागेशला रडू आवरेना आणि त्याने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. मुश्ताकभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पायगुण कुणाचा? फ्लेक्सचा," ते म्हणाले, आणि ऑरिक्सच्या कोचना आपलं कार्ड द्यायला गेले.

परतताना शेख झायेद रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मागच्या सीटवर तनया शावर्मा खात होती.

"बाबा, डोन्ट गेट मॅड."

"काय झालं?"

"माय माउथगार्ड वॉज इन माय सॉक."

नागेशने आरशातून मागे पाहिलं. "कधी? शोधत होतो तेव्हा?"

"द होल टाइम. बाकीच्यांचे पण. अंडर द फ्लेक्स आय टोल्ड एव्हरीवन, वी ओन्ली लूज इन द सेकंड हाफ. अवर बुकिंग वॉज रनिंग आउट, अँड हाफ अ मॅच काउंट्स. सो लेट्स नॉट हॅव वन."

"तू सांगितलंस? सगळ्यांना?"

"यू शुड हॅव हर्ड मी. आय वॉज शाउटिंग."

संजना खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. नागेशने गाडीचा एसी उगाचच कमी केला. प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती, त्याचे गुडघे आणि धुवायला टाकायची पँट या विषयांवर बोलायचं भाषण त्याच्या डोक्यात भराभर तयार झालं.

"हे बरोबर नाही, तनया."

"आय नो. दॅट्स व्हाय नेक्स्ट सीझन वी हॅव टू बीट देम प्रॉपर्ली. ऑल फोर क्वार्टर्स. हम्माद सेज वी स्टार्ट रनिंग फ्रॉम मंडे, बिफोर स्कूल. सगळे येणार आहेत."

पुढची गाडी सरकली, तशी नागेशने आपलीही चार हात पुढे घेतली.

"रागावणार होतात ना?" संजनाने हळूच विचारलं.

"रागावलोच आहे," नागेश म्हणाला. मग त्याने आरशात पाहिलं. "मंडेला किती वाजता सोडायचं?"