चार नंबर प्रेसची जाळी

कथेतली कुठलीही वस्तू नुसती वस्तू नसते, हे साहित्यातलं मोठं सत्य आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात ते पोचायला १९७४ साल उजाडलं. तोवर तिथं बिचारे लोक नुसत्या वस्तूच बनवायचे.

त्या साली कामगार कल्याण विभागानं कथालेखन वर्ग काढला. शिकवायला अण्णासाहेब. इन्स्पेक्शनमध्ये त्यांनी बावीस वर्षं माल रिजेक्ट केला होता, म्हणजे समीक्षेचा अनुभव दांडगा. नियम साधे. दर पानाला किमान दोन प्रतीकं. वातावरण उदास (उदास नसल्यास कारण लेखी द्यावं). सूर शेवटपर्यंत एकच, फरक दोन टक्क्यांच्या आत. एकतीसपैकी एकोणतीस कथांत संध्याकाळ झाली. उरलेल्या दोन रीवर्कला गेल्या.

प्रेस शॉपच्या खंडूला यातलं काहीच नको होतं. त्याला चार नंबरच्या प्रेसला जाळी पाहिजे होती. हात मशीनखाली जाऊ नये म्हणून असते ती. आषाढात मोडली, आणि त्या मशीनवर त्याचा मेहुणा किसन काम करायचा. खंडूनंच शब्द टाकून त्याला लावला होता. म्हणून खंडूनं अर्ज लिहिला आणि सूचनापेटीत टाकला. काटकसर म्हणून कल्याण विभागानं सूचनांना आणि कथांना एकच पेटी ठेवली होती.

शनिवारी अण्णासाहेबांनी अर्ज वर्गात वाचला. 'चार नंबरला जाळी नाही. किसनचा हात आत जातो. लवकर बघावे.' मग चष्मा पुसला.

"जाळी म्हणजे काय?"

"आईची माया," स्टोअरचे अर्जुनराव म्हणाले.

"विवेक," टाइमकीपर विलास म्हणाला.

"जाळी म्हंजी जाळी!" कुणीतरी सांगितलं म्हणून धावत आलेला खंडू दारातून ओरडला. "सा बोल्ट लागत्यात, सायेब!"

"सहा! षड्रिपू!" अण्णासाहेब गहिवरले. "लेखकाला स्वतःचं कळत नसतं, खंडू. तू बस."

खंडूनं दुसरा अर्ज टाकला: 'हे प्रतीक नाही.' वर्गाला सूर जास्त धारदार झाल्यासारखा वाटला. तिसऱ्यात शिवी होती. तिच्यामुळे वास्तववाद आला.

दसऱ्याला पहिलं बक्षीस खंडूला. शाल, श्रीफळ, आणि मॅनेजरसाहेबांचं भाषण (विषय: नसलेल्या जाळीचं असणं). खंडू माइकवर म्हणाला, "शाल ऱ्हाऊ द्या सायेब, जाळी बसवा. बहिणीला काय तोंड दावू?"

टाळ्या थांबेनात.

मंगळवारी फर्स्ट शिफ्टला, साडेअकराला, किसनची दोन बोटं गेली. जाळी दुपारी बसली. वीस मिनिटं लागली. अण्णासाहेबांना शेवट जरा अपेक्षित वाटला, पण वातावरणाबद्दल तक्रार नव्हती.

आता दोनच बोटं का, ती कशाची असतील, असा विचार तुमच्याही मनात आला असेल.

किसनची होती. उजव्या हाताची.