यीस्टचा उपास

"ह्ये समदं रातीपास्नं उपाशी हाय?" डबा घेऊन प्रयोगशाळेत आलेल्या बायडाबाईंनी काचेच्या चंबूंकडे बोट दाखवत विचारलं.

"व्हय, आत्ती. मुद्दाम ठेवलंय," सून म्हणाली.

वर्षाराणी विद्यापीठात यीस्टवर पीएच.डी. करत होती. यीस्टला खायला मिळालं नाही, की ते आपल्याच पेशीतलं जुनंपानं मोडून खातं आणि त्या कामाला काही एन्झाइम एकमेकांना धरून टोळी करतात. ती टोळी वर्षाराणीला पकडायची होती, तिचे स्फटिक करून क्ष-किरणांखाली तिची ठेवण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. पण ते यंत्र बंगळूरला. तिथले डॉ. पृथ्वीराज संध्याकाळच्या आरामबसने नमुना नेणार आणि पुढचं काम त्यांचा विद्यार्थी करणार, असं तिच्या सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पेरायचं हिनं आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यावर! हे दुःख ती रोज घरी भाकऱ्या थापताना सासूला ऐकवायची.

"आपलंच अंग खात्यात? आई आई गं!" बायडाबाई कळवळल्या. सून शेजारच्या खोलीत गेली तेवढ्यात त्यांनी डब्यातला गूळ पाण्यात कालवला आणि एकालाही न विसरता सगळ्या चंबूंत ओतला.

दुपार व्हायच्या आत चंबू फसफसले, कापसाचे बोळे उडाले आणि व्हरांड्यात हातभट्टीचा वास सुटला. सर धावत आले.

"काय चाललंय काय? पाहुणे स्टँडवर उतरलेत! गूळ कुणी घातला?"

"मी की! उपाशी ठिवून कुनाचं भलं झालंय?"

वर्षाराणीला रडूच फुटलं. आता पेशी धुऊन पुन्हा उपाशी ठेवायच्या, म्हणजे नमुना हाती यायला संध्याकाळ होणार. तोवर पाहुण्यांना काय दाखवायचं, फेस?

"पावण्याला थोपवायचं हाय न्हवं?" बायडाबाईंनी पदर खोचला. "मग मी कशाला हाय!"

पृथ्वीराज मूळचे इचलकरंजीचे. बंगळूरला सांबार-भात खाऊन कंटाळलेला हा गृहस्थ बायडाबाईंच्या घरी तांबडा रस्सा बघताच विरघळला. तिकडे यीस्ट उपाशी, इकडे पाहुणे तुडुंब.

"बास आता, काकी."

"बास? जेवान आवडलं न्हाई व्हय?"

या प्रश्नाला कोल्हापुरात एकच उत्तर असतं. पाहुण्यांनी ताट पुढे केलं.

संध्याकाळी वर्षाराणी बर्फाची पेटी घेऊन सरांबरोबर घरी आली. नमुना झकास उतरला होता, पण पाहुणे पोट धरून कॉटवर आडवे होते. डॉक्टर नुकतेच सुई टोचून गेले होते.

"उद्याच्या बसपर्यंत बर्फ टिकायचा नाही!" सर ओरडले. "आता नेणार कोण?"

पृथ्वीराजांनी कण्हत खिशातलं तिकीट काढलं. "हिलाच पाठवा. मी येईपर्यंत स्फटिकांचं काम हीच बघेल."

"पण आपलं ठरलं होतं की—"

"सर, माझ्यानं बोलवत नाही हो."

बस सुटायची वेळ झाली. वर्षाराणीचा आनंद पोटात मावत नव्हता. बायडाबाई खिडकीशी आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुजं काम हुईस्तवर तकडंच ऱ्हा. पावणं उठाय लागलं, तर आनि दोन भाकरी वाढतो."