दिगंबररावांची बिनविरोध दाढ

दिगंबरराव वैशंपायनांची दाढ नेमकी सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सकाळी, चहाच्या पहिल्याच घोटाला ठणकली. वारज्याच्या त्या सोसायटीत दिगंबररावांनी हरकत घेतल्याशिवाय आजवर एकही ठराव मंजूर झाला नव्हता. पाण्याची टाकी धुण्याला त्यांची हरकत होती, आणि न धुण्यालाही.

"अहो, डॉक्टरकडे जाऊन या," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"डॉक्टर! आपले पूर्वज कुठल्या डॉक्टरकडे जात होते?"

"म्हणूनच सगळे फोटोत तोंड मिटून बसलेत."

खरं म्हणजे दिगंबरराव सुईला भीत. पण भीतीला परंपरा म्हटलं की ती चारचौघांत मिरवता येते. त्यांनी दाढेखाली लवंग दाबली. तिचा अर्धा तुकडा दाढेच्या खड्ड्यात रुतला आणि ठणका कानापर्यंत पोचला. मग पेरूच्या पानांच्या गुळण्या ठरल्या. सोसायटीत पेरूचं झाड एकच, तळमजल्यावरच्या श्रीनिवास केळकरांच्या खिडकीपाशी. आणि ते तोडून टाकावं म्हणून दिगंबररावांनीच अर्ज केला होता. ते चोरपावलांनी पानं खुडत असतानाच खिडकी उघडली. केळकर सोसायटीचे अध्यक्ष होते.

"काय वैशंपायन, आज हातानंच तोडायला घेतलंत?"

"दाढ दुखतेय हो. थोडी पानं हवी होती."

"घ्या की. झाड तुमच्यासारखं नाही. हरकत घेत नाही."

गुळण्यांनी तोंड तुरट झालं, दाढ जिथल्या तिथे. सभेची वेळ तर जवळ आली. तेव्हा त्यांचं लक्ष बाल्कनीतल्या कुंडीकडे गेलं. कृषी प्रदर्शनातून हौसेनं आणलेला अक्कलकाढा पिवळ्या बोंडांनी डवरला होता. एक बोंड चघळलं की दाढ बधिर होते, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं.

"एकच घ्या हं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "नावातच लिहिलंय, अक्कल काढतो म्हणून."

"एकानं काय होतंय? वनस्पती आहे ती, विष नाही!" असं म्हणून त्यांनी मूठभर बोंडं तोंडात कोंबली.

आधी ठणका थांबला. मग जीभ थांबली. पाठोपाठ ओठ गेले, गाल गेले, आणि तोंडातून लाळेची धार लागली.

"आं... वा... ऊं," दिगंबरराव म्हणाले.

"असू दे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तसंही सगळं ऐकलेलंच असतं."

घरी बसणं शहाणपणाचं होतं. पण आपल्यामागे ठराव बिनविरोध मंजूर होतील, ही कल्पना दिगंबररावांना दाढेपेक्षा जास्त ठणकली. तोंडावर रुमाल धरून ते पार्किंगमधल्या सभेला जाऊन बसले.

सेक्रेटरी केदारला बंगळुरात नोकरी लागली होती, त्यामुळे नवा सेक्रेटरी हवा होता. "कुणी पुढे येतंय का?" केळकरांनी विचारलं. सगळ्यांनी एकदम मोबाईलमध्ये डोकी घातली. केळकरांची नजर फिरत फिरत रुमालावर थांबली.

"मी वैशंपायनांचं नाव सुचवतो. नियम तोंडपाठ आहेत त्यांना."

दिगंबरराव ताडकन उभे राहिले. "आं हां! आं हां!"

"हां म्हणाले!" केदार ओरडला. त्याची बंगळूरची वाट मोकळी होत होती.

दिगंबररावांनी जिवाच्या आकांतानं मान हलवली. रुमाल सुटला, लाळ सदऱ्यावर ओघळली.

"भरून आलंय बिचाऱ्यांना," मागून कुणीतरी हळहळलं.

थांबा, म्हणून त्यांनी हात वर केला. "स्वतःलाच मत! वा!" म्हणत केळकरांनी तोही मोजला. मग दिगंबररावांनी फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'नको' असं टाकू पाहिलं. पण त्यांच्याच रोजच्या सूचनांना कंटाळून केदारनं गेल्या महिन्यात अॅडमिनखेरीज सगळ्यांचं लिहिणं बंद केलं होतं.

आता एकच आशा उरली. त्यांनी काकुळतीनं सुहासिनीबाईंकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ज्यांच्या प्रत्येक म्हणण्याला हरकत घेतली गेली होती त्या सुहासिनीबाई शांतपणे उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडून काही हरकत नाही."

टाळ्या पडल्या.

संध्याकाळी जीभ सुटली, पण राजीनाम्याचे शब्द जुळवायच्या आत ठणका परत आला. रात्रभर तळमळून दुसऱ्या दिवशी दिगंबरराव मुकाट्यानं डॉक्टर नम्रताच्या खुर्चीत बसले. ती त्यांच्याच सोसायटीत राहायची. तिनं चिमट्यानं लवंगेचा तुकडा काढला, दिव्यासमोर धरून पाहिला, आणि इंजेक्शन भरलं.

"दाढ काढावी लागेल, काका. आ करा. आणि हो, सेक्रेटरी झाल्याबद्दल अभिनंदन! आमच्या बाथरूमच्या भिंतीत पाणी झिरपतंय. ते काम सोसायटीच्या खर्चानंच करायचं ना?"

सुई हिरडीत शिरली. दिगंबररावांनी डोळे विस्फारले.

"हरकत असेल तर मान हलवा," नम्रता गोड आवाजात म्हणाली. "पण आत्ता हलवू नका हं. सुई आत आहे."

दिगंबररावांनी मान हलवली नाही.