चित्रा दिसली का?

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही: मला चित्रा कधी दिसलीच नाही. चित्रा म्हणजे नक्षत्र. बाई असती तर एव्हाना अख्ख्या डहाणूला कळलं असतं.

ती दाखवायचे सावेभाऊ. तलासरीच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांच्यापुढे महिन्याचं नाव काढणं धोक्याचं होतं. कुणी सप्टेंबरात रजा मागितली की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "सप्टेंबर? नाव कुठून आलं, ते सांग!" रजा राहायची बाजूला. "सप्टेंबर म्हणजे सातवा. बसलाय नवव्या खुर्चीत. आपल्या साहेबांसारखा, वशिल्यानं!"

साहेब आतून ऐकत असायचे. सावेभाऊंचं प्रमोशन कशामुळे अडलंय, हे सावेभाऊ सोडून सगळ्यांना माहीत होतं.

जुलै-ऑगस्टवर विशेष राग. "दोन रोमन सत्ताधीशांच्या नावावर एकेक महिना चढवला. ना नोटीस, ना फेरफार! आणि इथं वारसाच्या नोंदीसाठी माणसाच्या चपला झिजतात." त्या चपला त्यांच्याच टेबलासमोर झिजायच्या, ते असो.

समोरचा गुजराती चहावाला मात्र मुरलेला. "कार्तिक नाव कुठून आलं, सांग!" म्हटलं की कप पुढे सरकवायचा. "सावेभाई, नाम गमे त्यांथी आवे, चा ठंडी थाय छे." नाव कुठून का येईना, चहा गार होतोय, एवढंच त्याचं म्हणणं.

राहिलो मी. नवा, भिडस्त, लग्नाचा. चैत्र पौर्णिमेला संध्याकाळी एसटीने डहाणूला परतताना ते मला विवळवेढ्याला उतरवायचे. महालक्ष्मीची जत्रा त्याच दिवशी सुरू होते. सगळी गर्दी देवळाकडे, आम्ही दोघे पाळण्यांच्या मागे, आभाळाकडे बोट करून.

"चंद्राच्या शेजारी बघ. दिसली?"

"दिसली."

"पुनवेचा चंद्र चित्रेपाशी, म्हणून चैत्र. विशाखेपाशी, म्हणून वैशाख. आहे यात कुठं राजा-बिजा? चल, भजी खाऊ."

शेजारीण सोडा, मला चंद्रच ताटात पसरलेल्या पिठल्यासारखा दिसायचा. चष्मा हवा होता. पण चष्मेवाल्याला मुली सांगून येत नाहीत, असं आईचं म्हणणं. मुली तशाही येत नव्हत्या. आणि 'नाही दिसली' म्हटलं तर भजी बुडणार.

नव्वदनंतर ते रिटायर झाले. वहिनी आधीच गेलेल्या. तरी पौर्णिमेला कचेरीच्या दारात हजर. "चल रे!"

विवळवेढ्याला त्यांनी बोट वर केलं. बोटाच्या टोकाला एक दिवा होता आणि तो गोल फिरत होता. नक्षत्रं पाळण्यात बसत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

"दिसली?"

"दिसली."

"बरं झालं," ते हळूच म्हणाले. "मला काही दिसेनासं झालंय रे. मोतीबिंदू. आधी हिला दाखवायचो. तीही तुझ्यासारखीच, विचारायच्या आत 'दिसली' म्हणायची. आता तू म्हणतोस, म्हणून चैत्र खरा मानायचा."

त्या दिवशी भज्यांचं कुणीच नाव काढलं नाही.

पुढच्या चैत्राआधी सावेभाऊ गेले. माझं लग्न झालं, चष्माही लागला. आता चैत्र पौर्णिमेला एसटी विवळवेढ्याला थांबते, जत्रेकरू उतरतात, आणि मी खिडकीची काच ओढून मान खाली घालून बसतो. वर बघायचं धाडस होत नाही.

एकदा तिथं उतरायचं, चष्मा पुसून चित्रा बघायची आणि 'दिसली' म्हणायचं. एवढं मी सावेभाऊंचं देणं लागतो.